व्हिचेन्झाहून दोन पत्रे

व्हिचेन्झा, मंगळवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काल व्हेनिसहून आगगाडीने इथे पोचले. गावाबाहेरच्या टेकडीवरचा व्हिला रोटोंडा अजून पाहायचा आहे. आज त्याच्या नकाशाची छापील प्रत घेऊन बसले आहे. तो रचणाऱ्या आंद्रेआ पॅलाडिओ या वास्तुकाराने १५७० साली व्हेनिसमध्ये वास्तुकलेवरचे आपले चार ग्रंथ छापले, त्यातले हे पान. लाकडी ठशावरून छापलेले, पण तुम्हाला एका नजरेत वाचता येईल. खाली प्लॅन. वर मधल्या रेषेच्या एका अंगाला एलिव्हेशन, दुसऱ्या अंगाला सेक्शन. दोन्ही अंगे सारखीच, म्हणून अर्धेअर्धे काढून भागले! पर्स्पेक्टिव्हची करामत नाही; रेघेवर माप घेता यावे, एवढाच हेतू. प्रत्येक खोलीत आकडे आहेत: मधला गोल दिवाणखाना ३० फूट व्यासाचा, मोठ्या खोल्या २६ बाय १५. हा फूट व्हिचेन्झाचा, सुमारे ३५.७ सेंटीमीटरचा. म्हणजे दिवाणखाना आपल्या हिशेबाने जवळजवळ ३५ फुटी.

पॅलाडिओच्या हातची बहुतेक रेखाचित्रे आज लंडनला आहेत. इनिगो जोन्स या इंग्रज वास्तुकाराने त्यातली बरीच इटलीत मिळवली आणि पुढे इंग्लंडमध्ये त्या धर्तीवर घरे उठली.

व्हिचेन्झा, गुरुवार

ती. बाबा,

रोटोंडा पाहिला. पाओलो अल्मेरिको या पोपच्या दरबारातून निवृत्त झालेल्या धर्मगुरूसाठी तो बांधला. टेकडीवरून चारी बाजूंचा मुलूख दिसतो, म्हणून चारी बाजूंना सहा-सहा खांबांच्या ओसऱ्या. घराचे कोपरे मुख्य दिशांना वळवलेले आहेत, त्यामुळे एकही बाजू उन्हाला पारखी होत नाही.

घुमट मात्र पानावरचा नाही. १५८० साली पॅलाडिओ वारला. काम स्कामोझ्झी या वास्तुकाराने पुरे केले आणि कागदावरच्या उंच अर्धगोलाऐवजी बसका घुमट चढवला. तरीही आत उभे राहिल्यावर काही उणे वाटत नाही, कारण खोल्यांची मापे एकमेकींशी जुळलेली आहेत. घराचा जीव प्लॅनमध्ये असतो, हे तुम्ही नेहमी म्हणता. इथे ते पटले.

एक विनंती. माळ्यावरच्या तुमच्या ट्रेसिंगच्या गुंडाळ्या रद्दीत घालू नका. त्यातली काही घरे पडली, काही मालकांनी बदलली. तुम्ही योजलेली मापे आता फक्त त्या कागदांवर आहेत.

आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी