पार्थेनॉनची स्तंभावली: पाडणारे आणि उभारणारे

१/ अथेन्सच्या पार्थेनॉनची बाह्य स्तंभावली ४६ स्तंभांची. बांधकामास इ.स.पू. ४४७ मध्ये आरंभ झाला. स्तंभ एकसारखे भासतात. प्रत्यक्षात ते किंचित आत कललेले आहेत आणि कोपऱ्यांवरचे इतरांहून जाड आहेत. म्हणूनच येथील प्रत्येक शिलाखंडाची जागा ठरलेली.

२/ २६ सप्टेंबर १६८७ रोजी व्हेनिसच्या तोफगोळ्याने मंदिरातील उस्मानी दारूसाठा पेटला. उत्तर व दक्षिण बाजूंचे अनेक स्तंभ कोसळले.

३/ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निकोलाओस बालानोस या अभियंत्याने उत्तरेची रांग पुन्हा उभी केली. हेतू निर्मळ होता. परंतु अनेक शिलाखंड मूळ जागी बसले नाहीत. प्राचीन कारागीर सांध्यातील लोखंडाभोवती शिसे ओतत. बालानोसच्या लोखंडाला ते कवच नव्हते. लोखंड गंजले, फुगले आणि संगमरवर तडकला.

४/ १९७५ मध्ये स्थापन झालेल्या समितीच्या देखरेखीखाली ही रांग पुढे उतरवली गेली. शिलाखंडांच्या मूळ जागा शोधण्यात आल्या. लोखंडाऐवजी टायटॅनियम आले.

५/ तोफेने केलेली हानी क्षणात दिसली. दुरुस्तीने केलेली आतल्या आत वाढत राहिली. भूतकाळावर प्रेम असणे पुरेसे नसते. कोणता दगड कुठला, हे आधी दगडालाच विचारावे लागते.