घासलं की घसारा

मराठी घरात घासण्याला जो मान आहे, तो दुसऱ्या कुठल्या क्रियापदाला असेल असं वाटत नाही. सकाळी उठून दात घासायचे, जेवल्यावर भांडी घासायची, नरकचतुर्दशीला उटणं लावून अंग घासायचं आणि दिवाळीआधी समई, निरांजन, ताम्हन, जे हाताला लागेल ते चिंचेने घासायचं. समई दणकट असते, ती टिकते. मरतं ते नाणं.

आम्हां बी. कॉम. वाल्यांना 'घसारा' नावाचं प्रकरण शिकवतात. मालमत्ता वापरून वापरून तिची किंमत उतरते, ती वहीत दाखवायची. हा शब्द घासण्यावरूनच आला असणार, अशी मला तेव्हापासून शंका आहे. शब्दकोशवाले काय म्हणायचं ते म्हणोत. लोकांनी घासून आणलेली नाणी पाहिल्यावर माझ्यापुरती खात्री झालेली आहे.

आणतात माझ्याकडेच. बँकेत आहे म्हणजे नाण्यातलं कळत असणार! (उसाचा रस विकणाऱ्याला कुणी ऊस लावायला बोलावत नाही, पण ते असो.) शेजारच्या गृहस्थांनी एकदा शिवराई आणली. शिवराईच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं असतात. मुळात तांब्याचा तुकडा लहान आणि ठसा मोठा, त्यामुळे सगळी अक्षरं क्वचितच उमटायची. यांनी ती चिंचेत रात्रभर भिजवून वर नारळाच्या शेंडीने घासली होती. नाणं जावळ काढलेल्या बाळासारखं गुलाबी झालं होतं आणि अक्षरांपैकी 'श्री' तेवढा शिल्लक होता. "कशी चकाकली बघा!" ते म्हणाले. मी बघितलं. काय बोलणार?

तांब्यावरचा तो तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. हवेशी संसार करता करता तांब्याला आलेली ती कातडी आहे आणि ती आतल्या धातूचं रक्षण करते. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं आम्ल ही कातडी सोलून काढतं. राख आणि दंतमंजन बारीक ओरखडे पाडतात. ते आपल्याला दिसत नाहीत, पण भिंग डोळ्याला लावून बसलेल्या संग्राहकाला दिसतात. तो घासलेल्या नाण्याला निम्मी किंमतही देत नाही. काळ्याला देतो.

हे सगळं मला वाईच्या आत्यापुढे सांगायची वेळ आली. तिच्याकडे राणी छापाचे दोन रुपये, दोन्ही १८६२ चे. एक देव्हाऱ्यातला. लक्ष्मीपूजनाला त्याला दरसाल पंचामृत आणि त्याआधी रांगोळीची भुकटी लावून आंघोळ. राणीचं नाक गेलंय, डोळा बुजलाय, मुकुट आहे म्हणून राणी म्हणायचं. दुसरा ट्रंकेत लुगड्याच्या घडीत राहिलेला. काळा, कडेला जांभळट झाक. तो नातीच्या लग्नात ओटीत घालायचा होता.

"काळा रुपया ओटीत घालू? व्याही काय म्हणतील?"

भाचेसुनेने मोबाईलमध्ये बघून अॅल्युमिनियमचा कागद आणि खायचा सोडा काढूनच ठेवला होता. त्याने काळेपण जातं, खोटं नाही. पण त्याबरोबर रुपयाचं वयही जातं. मी ते परत फडताळात ठेवायला लावलं आणि बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणलं, कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन. प्लॅस्टिकच्या वाडग्यात तळाला मऊ पंचा घातला, म्हणजे रुपया हातातून सुटला तरी पोचा नको. साध्या साबणाचे दोन थेंब. रुपया कडेने धरून नुसता बुडवायचा, चोळायचा नाही. मग दोनदा स्वच्छ डिस्टिल्ड पाणी आणि शेवटी टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात राहून नाणं हिरवं, चिकट झालं असतं, तर शुद्ध ॲसिटोन लागलं असतं: काचेच्या वाटीत, खिडकी उघडी आणि गॅस बंद ठेवून. नखांचं पॉलिश काढायचं द्रव चालत नाही, त्यात तेलं-बिलं असतात. ते करावं लागलं नाही.

आत्या पाटावर बसून बघत होती. "झालं?"

"झालं."

"अरे, पण काळा तो काळाच!"

"धूळ गेली ना? तेवढंच काढायचं असतं."

आत्याने देव्हाऱ्यातला रुपया आणून शेजारी ठेवला. "आणि याला काही किंमत नाही म्हणतोस?"

मी खरं ते सांगितलं. राणी छापाचा रुपया तोळाभराचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. बारा भागांतले अकरा भाग चांदी. पण हा आता तेवढा भरणार नाही. संग्राहक घेणार नाही, सराफ मोडीचे पैसे देईल.

"कमी भरला तर गेली कुठे चांदी?"

"घासण्यात गेली."

"म्हणजे माझ्या आजीच्या, आईच्या नि माझ्या बोटांना लागली," आत्या म्हणाली आणि बोटं पदराला न पुसता तशीच बघत राहिली.

घसाऱ्याचा हिशेब मी तिथेच बंद केला. काळा रुपया जाड कागदाच्या घडीत घालून ओटीसाठी ठेवला. वर आत्याने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लिहिली: 'घासू नये. काळाच असतो.'

"आणि हा देवातला?" तिने विचारलं.

"तो घास तू."