पाकिटावरचं नाव

वनस्पती प्रजनन हा विषय मी कृषी महाविद्यालयात २९ वर्षं शिकवला. गांजाचं झाड अभ्यासक्रमात नव्हतं, पण वर्गीकरणाच्या तासाला कुणीतरी विद्यार्थी हमखास त्याबद्दल विचारायचाच. माझं उत्तर ठरलेलं असे. सटायव्हा उंच, अरुंद पानांची, तरतरी आणणारी. इंडिका बुटकी, रुंद पानांची, अंग जड करणारी. वर पुस्ती जोडायचो, ‘नावातच भारत आहे, म्हणजे झाड आपलंच.’ हे मी चुकीचं शिकवलं. ते कबूल करायला हा लेख लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे टोरंटोला गेलो होतो. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून हे पीक कायदेशीर आहे आणि तिथे घरटी चार झाडं लावता येतात. शेजाऱ्यांच्या परसात तशी दोन होती. बियांच्या पाकिटावर लिहिलं होतं : इंडिकाप्रधान, अफगाण स्थानिक वाणांपासून तयार केलेलं. सप्टेंबर चालू होता, तुरे भरत आले होते. झाड जेमतेम कमरेपर्यंत. पेरं आखूड, फांद्या दाट, पानं काळपट हिरवी, पर्णिका इतक्या रुंद की एकमेकींवर चढलेल्या. खिशातलं भिंग काढून तुरा पाहिला. टाचणीच्या डोक्यासारख्या हजारो ग्रंथी, राळेनं टचटचीत भरलेल्या. मी मुलीला म्हणालो, “बघ, ही खरी इंडिका.”

तिनं सहज विचारलं, “बाबा, तुम्ही सांगता ते मठामागचं झाड असंच होतं का?”

मी गप्प झालो. लहानपणी आमच्या गावच्या मठामागे गोसाव्यांनी लावलेलं झाड मी रोज पाहायचो. माणसाच्या डोक्यावरून जाईल इतकं उंच, पर्णिका करंगळीहून अरुंद, तुरे मोकळे आणि लांब. माझ्याच व्याख्येनं ते सटायव्हा ठरत होतं. भारतात वाढलेलं झाड इंडिका नाही आणि हिंदुकुशातलं झाड मात्र इंडिका, हे मला इतकी वर्षं खटकलं कसं नाही?

परत आल्यावर मुळापासून वाचायला बसलो. लिनियसनं १७५३ मध्ये सटायव्हा हे नाव दिलं, ते युरोपात धाग्यासाठी लावल्या जाणाऱ्या झाडाला. लामार्कनं १७८५ मध्ये इंडिका वेगळी काढली, ती भारतातून आलेल्या नमुन्यांवरून. ती अरुंद पानांची होती. मठामागच्या झाडाच्या जातकुळीची. रुंद पानांचं अफगाण झाड रशियन शास्त्रज्ञ वाविलोव्ह यांनी १९२४ च्या मोहिमेनंतर नोंदवलं. १९७४ मध्ये रिचर्ड शुल्टेस यांनी त्या झाडाला इंडिका म्हटलं आणि पुढे ते नाव त्यालाच चिकटलं. त्याच सुमारास अफगाणिस्तानातलं बी अमेरिकेत आणि हॉलंडमध्ये पोचलं. बुटकं झाड, लवकर येणारा फुलोरा, गच्च तुरे. बंद खोलीत दिव्याखाली चोरून पीक घेणाऱ्यांना आणखी काय हवं होतं? त्यातूनच नॉर्दर्न लाइट्ससारखे इंडिकाप्रधान वाण निघाले.

‘अंग जड करणारी’ हा माझा दुसरा दावाही टिकला नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं की इंडिका-सटायव्हा ही पाकिटावरची नावं आणि झाडांचं एकूण आनुवंशिक नातं यांचा मेळ फारसा बसत नाही. नावाशी जुळली ती मिरसीनसारखी मोजकी सुगंधी द्रव्यं. परिणाम ठरवणारी टीएचसी, सीबीडी ही द्रव्यं किती, मात्रा किती, हे पानाच्या रुंदीवरून कळत नाही.

टोरंटोतलाच आणखी एक प्रसंग. आठवडाभर पाऊस लागला. शेजाऱ्यांनी सर्वांत भरलेला तुरा हातानं उकलून दाखवला. बाहेरून टवटवीत, आत करडी बुरशी. ते झाड कोरड्या डोंगराळ हवेत घडलेलं होतं, ओल त्याला सोसत नव्हती. हिंदुकुशात वाळलेली झाडं झोडून, चाळून चरस काढतात; म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भरपूर राळेची आणि थंडीआधी तयार होणारी झाडं राखली. कुलूकडे ओले तुरे तळहातांवर चोळतात. तिथलं झाड वेगळं. भिंगातून मी ज्याचं कौतुक केलं, ते त्या शेतकऱ्यांचं काम होतं. श्रेय मात्र मी पाकीट विकणाऱ्याला देत आलो.

मालदांडी ३५-१ ज्वारी शिकवताना मी म्हणायचो, स्थानिक वाण म्हणजे कच्चा माल आणि निवड म्हणजे त्याचं सोनं. मालदांडीची निवड मोठीच आहे, ते मत कायम आहे. ‘कच्चा माल’ हा शब्द मात्र मी मागे घेतो. गांजात नर-मादी झाडं वेगळी, परागीभवन वाऱ्यावर. स्थानिक वाणाच्या शेतात एक झाड दुसऱ्यासारखं नसतं. त्यातली चार-दोन उचलून वाण होतो; बाकीचं शेत संपलं की पुन्हा निवडायला काही उरत नाही. आणि आता संकरित बी उलट हिंदुकुशाच्याच दऱ्यांमध्ये चाललं आहे. त्याचे पराग वाऱ्यावर मैलोन्‌मैल जातात आणि जुनं बी दर हंगामात थोडं थोडं भेसळतं. गांजा आणि चरस आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानं बंद आहेत, नशेची बाजू मला घ्यायची नाही. पण शेकडो वर्षं शेतकऱ्यांनी सांभाळलेलं बी संपताना मला ज्वारीइतकंच दुःख होतं.

माझा एक विद्यार्थी आता तोच विषय शिकवतो. माझी जुनी टिपणवही त्याच्याकडे आहे. मी त्याला कळवलं आहे की इंडिका-सटायव्हाचं ते पान खोड आणि तिथे इतकंच लिही : रुंद पान, हिंदुकुश, चाळणीचा चरस. अरुंद पान, मठामागचं झाड. लामार्कची इंडिका ती ही.