बासरी कोरडी का झाली?

माझ्या मामाची लग्नात आणि जत्रेत वाजणारी ऑर्केस्ट्रा पार्टी आहे. तिच्यात रोलंडचा एक्सपी-६० हा कीबोर्ड आहे. मॉडेल १९९८ सालचे; मामाने ते व्याजाने पैसे काढून, कितव्या हाताने घेतले देव जाणे!

गेल्या मे महिन्यात त्याने प्रथमच मला टोन बसवायला दिले. "डाव्या हाताला ऑर्गन, उजव्या हाताला बासरी. बासरी घुमली पायजे."

मी रात्री बसलो. बासरी एकटी वाजवली, की प्रत्येक सुरामागून त्याचा पडसाद तीन-चारदा येई. ऑर्गनला फिरत्या स्पीकरची गोड थरथर होती. दोन्ही एकत्र केले, आणि ऑर्गन तसाच थरथरला, पण बासरी पार कोरडी! शाळेतल्या पोराने फुंकावी तशी. माझ्या हातून यंत्र बिघडले या धास्तीने रात्रभर झोप नाही.

सकाळी मामाने माळ्यावरचे इंग्रजी माहितीपुस्तक माझ्यापुढे टाकले. "कालिजात जातोस न्हवं? मग वाच की!"

घरात कॉलेज पाहिलेला मी एकटाच. पण माझे इंग्रजी म्हणजे तासाला सरांची नजर चुकवण्यापुरते. (सरांनी क्षमा करावी.) शब्दकोश घेऊन तीन दिवस झगडलो, तेव्हा कुठे उजेड पडला.

यंत्र बिघडलेलेच नव्हते. त्यात १६ टोन एकत्र मांडता येतात, पण मुख्य इफेक्ट एका वेळी एकच. प्रकार ४० आहेत, निवडायचा एक. शिवाय कोरस आणि रिव्हर्ब, तेही सर्वांत सामाईक. टोन एकटा असला की सारा थाट त्याचा. पंगतीत बसला की मुख्य इफेक्टवर कुणा एकाचेच नाव लागते. मी ते ऑर्गनच्या नावे केले होते. बासरी त्यातून सोडली, तर तीही भोवऱ्यासारखी गरगरू लागली!

असे का? साठवलेला सूर वाजवणे निराळे आणि त्यावर सेकंदाला हजारो वेळा गणित करणे, मागचा आवाज ध्यानात धरणे निराळे. ते काम इफेक्टच्या चिपचे, आणि तिची ताकद मोजकी. १९८८ च्या कोर्ग एम-१ मध्येही ८ टोन एकत्र होत, इफेक्ट मात्र दोनच.

मग वाट सापडली ती रिव्हर्बच्या यादीत. तिथे 'डिले' हाही एक प्रकार होता. तो निवडला तर बासरीला पडसाद मिळे, पण हॉलची घुम सगळ्यांचीच जाई. कुणाला किती पाठवायचे हे टोनागणिक ठरवता येते. म्हणून बासरीचे उघडले, बाकीच्यांचे शून्य केले.

"मामा, बाकीचे सगळे कोरडे राहतील," मी भीत भीत म्हणालो.

"कार्यालयाच्या भिंती कशाला हायत? त्या घुमवतील की बाकीचं."

त्या संध्याकाळी लग्नात बासरी घुमली. मामाने वाजवता वाजवता माझ्याकडे एकदा पाहिले. सामान टेम्पोत भरताना तो एवढेच म्हणाला, "ते पुस्तक आता माळ्यावर टाकू नगंस. व्हायोलिनचंबी बघायचं हाय."