आजोबांच्या पाटाशेजारी

आई विन्याला अपरात्री हलवून जागं करायची. चंद्र वर आलेला असायचा, आजोबांची पूजा आटोपत आलेली असायची. पोर पेंगत पेंगतच आजोबांच्या शेजारी बसायचं आणि हात पुढे करायचं. हातावर प्रसाद पडायचा.

हे घर पेण तालुक्यातल्या गागोद्याचं आणि आजोबा म्हणजे शंभुराव भावे. त्यांचं चांद्रायण चालू असे. शुक्ल प्रतिपदेला एक घास, द्वितीयेला दोन, असं वाढवत पौर्णिमेला पंधरा; मग रोज एकेक घास कमी करत अमावास्येला निरंकार उपास. घास घ्यायचा तो चंद्रदर्शनानंतरच, त्यामुळे वद्य पक्षात रात्र किती उलटेल याचा नेम नसे. लहान मुलाची झोप मोडू नये, असं त्या घरात कुणाच्या मनात आलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मलेला हा विन्या म्हणजे विनोबा. आयुष्याच्या उत्तरार्धात आठवणी सांगताना त्यांनी आपल्या चित्तशुद्धीचं श्रेय आजोबांच्या या प्रसादाला दिलं.

दुसरी आठवण विंचवाची. शंभुराव पूजेला बसले होते आणि देवाच्या मूर्तीवर विंचू चढला. घरात एकच आरडाओरडा, मारा, मारा! आजोबांनी सगळ्यांना थांबवलं. हा देवाला शरण आलाय, त्याला कुणी हात लावायचा नाही, अशा अर्थाचं काही ते म्हणाले आणि पूजा पुढे सुरू केली. गंध, फुलं, पाणी, सगळं यथासांग झालं. विंचू बसून होता तसा बसून राहिला, मग उतरून आपल्या वाटेने गेला. पुढे मे 1960 मध्ये चंबळच्या खोऱ्यात, भिंड-मुरैनाच्या भागात दरोडेखोरांनी विनोबांसमोर बंदुका ठेवल्या. ज्यांना दिसताक्षणी गोळी घालायची त्यांच्या मुलखात हा माणूस पोलिसांच्या भरवशावर न राहता चालत गेला. मला तिथे गागोद्याचं देवघर दिसतं. एका विंचवावरून एवढी उडी मारू नये, असं कुणी म्हणेल. पण शरण आलेल्याला मारायचं नाही, हे विनोबा पुस्तकात वाचण्याआधी घरात बघून बसले होते.

आमच्या निडीच्या घरी विंचवाच्या जागी धामण होती. भात झोडून झाल्यावर खळ्याच्या कडेला पेंढ्याची उडवी रचलेली असे आणि तिच्या बुडाशी ती हमखास निघायची. आम्ही पोरं काठ्या घेऊन धावायचो. आजोबा मध्ये उभे राहायचे. “उंदीर कोन खातो मग, तू?” एवढंच बोलायचे. मग आम्हाला हाताशी धरून चार हात लांब बसवायचे आणि धामण बांधाकडे जाईपर्यंत बघायला लावायचे. तिच्या अंगाचा पिवळसर तपकिरी रंग, मध्येच थबकून उचललेलं डोकं, गवत दुभंगल्यासारखी उमटत जाणारी वाट मला आजही डोळे मिटले की दिसते. शेतात साप निघाला की मी अजूनही पहिल्यांदा पोरांना बसवतो.

निडीहून गाडीने पुढे गेलं की रोहा. पांडुरंगशास्त्री आठवले तिथे 19 ऑक्टोबर 1920 रोजी जन्मले. बारा वर्षांच्या या नातवासाठी आजोबांनी शाळेपेक्षा वेगळा, जुन्या गुरुकुलाच्या वळणाचा स्वतंत्र अभ्यासक्रमच आखला. वडील वैजनाथशास्त्रींनी 1926 मध्ये मुंबईत माधवबागेत गीता पाठशाळा काढली होती. 1942 पासून मुलगा तिथे प्रवचनं करू लागला. पुढे त्यांच्या स्वाध्याय परिवारात शेतकऱ्यांनी पाळीपाळीने कसायची योगेश्वर कृषी आली, कोळ्यांच्या मत्स्यगंधा बोटी आल्या. आजोबांनी आखलेल्या त्या अभ्यासात पाठांतर खूप असणार. पण आपला वेळ रोज एका पोरासाठी राखून ठेवणारा म्हातारा, हा त्यातला सगळ्यात मोठा धडा असावा असं मला वाटतं.

आता घरोघरी उलटं चित्र आहे. सुट्टीत नातवंडं येतात आणि आजी-आजोबांकडे त्यांची फक्त राखण येते. पूजा असो, लावणी असो, पोरांना “मध्ये मध्ये करू नका” म्हणून बाजूला काढलं जातं. हे मला मनापासून खटकतं. शंभुराव गणपतीसाठी चंदन उगाळून मूर्ती करायचे, आणि ते चंदन उगाळायला घरातली मुलं असायची. स्वतः उगाळलेला गणपती पाण्यात सोडताना विन्याला वाईट वाटायचं. आपल्या हाताने घडवलेलंही सोडावं लागतं, हे कळायला तेवढं पुरेसं होतं.

पेणची गणेशमूर्ती सुबकच, देशोदेशी जाते. तरी आमच्याकडे आता चतुर्थीच्या आधी अंगणात माती भिजते आणि पनवेलहून आलेली नातवंडं ती मळायला बसतात. कोपरापर्यंत चिखल, भांडणं, ओसरीभर पायांचे ठसे. सोंड एका बाजूला कलते, एक कान मोठा होतो. सून हळूच विचारते, “बाबा, पेणहून एक आणून ठेवू का?” मी नको म्हणतो. त्यांनी केलेलीच मूर्ती पाटावर बसते आणि आरतीचं तबक आधी त्यांच्या हातात जातं.