चहा-भाकरी, वर ठेचा

घरात कुणी नसताना तुम्ही काय खाता? खरं सांगा. हॉटेलात ऑर्डर करता ते नाही, पाहुण्यांसमोर मांडता तेही नाही. रात्री साडेअकराला, दिवा न लावता, फ्रिजच्या उजेडात उभ्याने जे खाता ते.

माझी कोल्हापूरची रूममेट श्रीखंडात पातळ पोह्यांचा चिवडा घालते. मी आधी ज्या ऑफिसात होते तिथले एक सर, ज्यांच्या इंग्रजीला सगळा फ्लोअर टरकून असायचा, ते दहीभातात बटाट्याचे वेफर्स चुरायचे. चुरताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसायचा तो अप्रेझलच्या दिवसांत कधी दिसला नाही. एका मैत्रिणीच्या नवऱ्याला गुलाबजामबरोबर कच्ची हिरवी मिरची लागते. ‘बघायला आले तेव्हा हे सांगितलं नव्हतं,’ ही तिची जुनी तक्रार.

आता माझं. ज्वारीची शिळी भाकरी गरम चहात कुस्करायची. ती चहा पिऊन मऊ झाली की वर हिरव्या मिरचीचा ठेचा टाकायचा. चमचा नाही, बोटं. पुण्यात फ्लॅटवर आले तेव्हा पहिले तीन महिने मी हे बाथरूमला जाते सांगून किचनमध्ये उरकायचे. एकदा रूममेटने पकडलंच. ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी काळजीने विचारलं, ‘तुला बरं नाहीये का?’ (चिवड्याचं श्रीखंड खाणारी बाई हे विचारत होती!)

पण विचार केला तर गंमतच आहे. लग्नाच्या पंगतीत जिलबीबरोबर मठ्ठा आला तर आपण वाटी पुढे करतो. गोड पाकाच्या जिलबीवर आलं-मिरची लावलेलं आंबट ताक! परदेशी पाहुण्याला हे समजावून बघा. आमरसात तळलेली कुरडई बुडवणं तर आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीचा हक्क आहे. नागपूरकर पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात आणि पुणेकर ते बघून डोळे मिटतात. कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडची स्लाइस. आमच्या बुलडाण्यात शेगावची कचोरी तळलेल्या मिरचीशिवाय घेतली तर लोक तुम्हाला बाहेरगावचे समजतात. आणि वरणबट्टी? तुपात माखलेल्या बट्टीचा एक घास वरणात, दुसरा वांग्याच्या झणझणीत भाजीत, तिसरा गुळाशी, एकाच ताटात, एकाच पंगतीत. दहा घरांत खातात ते ‘कॉम्बिनेशन’ आणि एकाच घरात खातात ते ‘थेर’, एवढाच काय तो फंडा.

जगातही हेच चाललंय. पिझ्झ्यावर अननस टाकायची आयडिया १९६२ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सॅम पॅनोपुलोस नावाच्या हॉटेलवाल्याला सुचली, तेव्हापासून भांडण सुरूच आहे. २०१७ मध्ये आइसलँडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शाळेतल्या मुलांना गमतीत म्हणाले की जमलं तर मी अननसावर बंदी आणेन. एवढा गहजब झाला की त्यांना खुलासा करावा लागला, असा अधिकार मला नाही आणि नसलेलाच बरा.

तर असल्या सगळ्या मसाल्यावर गेल्या वर्षी मी एक लेख लिहिला. विषय माझाच, डेडलाइन दोन दिवसांची. फ्रीलान्सरला विषय मिळाला की तो घरच्यांपासून सुरू करतो, कारण घरचे मानधन मागत नाहीत. त्यात मी आयआयटी जोधपूरच्या संशोधकांचा २०१५चा अभ्यासही घातला होता. त्यांनी सुमारे अडीच हजार भारतीय पाककृती तपासल्या. पाश्चात्त्य पदार्थांत सारख्या वासा-चवीची द्रव्यं असलेले जिन्नस एकत्र येतात, आपल्याकडे उलट, एकमेकांशी काही नातं नसलेले जिन्नस जास्त एकत्र नांदतात, आणि त्यात मोठा हात मसाल्यांचा, असं त्यांना दिसलं. म्हणजे विजोड जोड्या लावणं ही आपली राष्ट्रीय सवयच! लेखाला हे मस्त बसलं.

आणि शेवटी मी आजीला बसवलं. ‘रोहिणखेडची माझी आजी चहात भाकरी कुस्करून वर ठेचा टाकते. फ्यूजन फूडचा शोध शेफ लोकांनी लावला असं कोण म्हणतं?’ सोबत कार्टून. नऊवारीतली म्हातारी, हातात कॉफीचा मग, मगातून धूर आणि मिरच्या बाहेर येतायत. लोकांना जाम आवडलं. मेसेज आले, फॉरवर्ड झालं, मी दोन दिवस हवेत.

फॉरवर्ड होत होत ते रोहिणखेडलाही पोचलं. चुलतभावाने ओट्यावर बसून सगळ्यांना वाचून दाखवलं. फोनवर आजी नेहमीसारखंच बोलली. जेवली का, कधी येतेस, पाऊस आहे का. लेखाबद्दल एक शब्द नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. दुसरीतल्या मुलाने काढलेल्या चित्रावरही अर्धा तास बोलणारी बाई आहे ती.

दिवाळीनंतर गेले. पुण्याहून रात्रीची गाडी, पहाटे मलकापूर, तिथून मोताळ्याकडे एसटी. रोहिणखेड कुणाला माहीत नसतं म्हणून सांगते, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, खानदेशातून वऱ्हाडात चढणाऱ्या जुन्या वाटेवरचं गाव. इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीपुरतं येतं. १५९१ मध्ये इथे बुऱ्हाण निजामशहाने जमालखानाला हरवलं आणि अहमदनगरची गादी घेतली, तीही स्वतःच्याच मुलाला उतरवून. आमच्या घरातले बाप-लेकाचे वाद त्यामानाने फारच सौम्य आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी बसले होते. आजीने चहा ठेवला, न विचारता कालची भाकर काढली, खलबत्त्यात मिरच्या-लसूण घातला. आणि ठेचता ठेचता, माझ्याकडे न बघता विचारलं, ‘लोकं हासले का वं?’

‘कशाला?’

‘ते तू लिवलं त्याले.’

मी म्हटलं, अगं आजी, चांगल्या अर्थाने. कौतुकानं.

‘हासले असतीन तर हासू दे. पन मी कायी खात नाई ते. तू लिवलं, आजी खाते. मी कवाच खाल्लं नाई.’

मी हसायला लागले. कारण मला पक्कं आठवत होतं, लहानपणी उन्हाळ्यात यायचो तेव्हा सकाळी आम्ही सगळे एका ओळीत बसायचो, ताटल्या पुढे, आणि आजी… आजी काय खायची? डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. आजी वाढत होती. चहा ओतत होती. नुसता चहा पीत होती, बशीतून. पंचवीस-सव्वीस वर्षांत मी तिला तो घास खाताना पाहिलंच नव्हतं, आणि छापून मोकळी झाले होते. मास कॉमच्या पहिल्या सेमिस्टरला शिकवतात, बातमीतला माणूस आधी बघा, मग लिहा. तो पेपर मी फर्स्ट क्लासमध्ये काढलाय.

मग तिने सांगितलं. बहात्तरचा दुष्काळ. बाबा पाच वर्षांचे. चारा नाही म्हणून म्हैस विकलेली, त्यामुळे दुधाचा प्रश्नच नाही. घरची ज्वारी संपलेली. सरकारी दुकानात मिलो मिळायचा, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकर लाल व्हायची आणि सकाळपर्यंत अशी कडक की घास तोंडात नुसता फिरत राहायचा. आजी-आजोबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. महाराष्ट्रभर तेव्हा हेच चाललं होतं. मे १९७३ मध्ये अशा दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. हा आकडा मला माहीत होता, एका प्रोजेक्टसाठी पाठच केला होता. त्या ५० लाखांतली दोघं माझ्या घरातली, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

‘अंधारात निंगा लागे,’ आजी म्हणाली. ‘भाजी कायची? कोरड्यास नाई, दूध नाई. गुळाचा कोरा चाहा करत जाओ. त्यात भाकर भिजू घाले का मऊ होत जाय. तुह्या बापाले देत जाओ.’

आणि ठेचा?

‘ठेचा कुठचा माय? हिरव्या मिरच्या कुठून आनू त्या साली? सुकी मिरची अन् मीठ कुटून देत जाओ.’

पण पाच वर्षांच्या पोराला गोड चहात तिखट कशाला? मला वाटलं, चवीसाठी म्हणेल. नुसत्या गोडाने तोंड मिटून येतं, असं काहीतरी. माझ्याकडे एक शास्त्रीय कारणही तयार होतं. मिरचीतल्या कॅप्सेसिनला खरी चवच नसते, ते जिभेवरच्या ज्या रिसेप्टरला डिवचतं तोच रिसेप्टर साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णताही ओळखतो. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियसच्या प्रयोगशाळेने तो शोधला आणि २०२१ मध्ये त्याला त्यासाठी नोबेल मिळालं, दुसऱ्या एका शास्त्रज्ञाबरोबर विभागून. म्हणजे कढत चहा आणि मिरची दोघं एकाच दारावर थाप मारतात. म्हणूनच ते इतकं जबरी लागतं! लेखात हा पॅरा जागेअभावी उडाला होता, त्याचं मला अजून वाईट वाटत होतं.

आजीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. ‘तिखट लागे का पोरगं पानी पेत जाय. लोटाभर पानी पेलं का पोट भरल्यावानी होत जाय. मंग दुपारलोक भाकर मांगत नव्हतं.’

बहात्तरचा दुष्काळ अन्नाचा होता, पाण्याचा तेवढा नव्हता, असं आमच्याकडे जुनी माणसं सांगतात. मी हे वाक्य शंभरदा ऐकलंय. त्याचा अर्थ असा काही असेल असं वाटलं नव्हतं.

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही. तिने ताटली माझ्याकडे सरकवली. भाकर फुगली होती, वर हिरवागार ठेचा. मला वाटलं होतं आता घास घशाखाली उतरणार नाही, सिनेमात दाखवतात तसं. तसं काही झालं नाही. ते नेहमीसारखंच भन्नाट लागलं, आणि मला त्याचीच लाज वाटली.

‘गूळ टाकू का अजून?’ आजीने विचारलं. आम्ही आता साखरेचा दुधाचा चहा पितो, तरी ती अजून हेच विचारते. मग म्हणाली, ‘काम संपले, ज्वारी आली, म्हटलं आता नगं देऊ त्याले असलं. तर तो रडे. तेच पायजे म्हने. मंग मी दूध घातलं, हिरव्या मिरच्या घातल्या. तुमाले पन तेच पायजे. मी काय करू?’

म्हणजे ज्याला मी ‘आमच्या आजीची स्पेशल डिश’ म्हणत होते, ती तिला ताटात नकोच होती. ती मागितली बाबांनी. त्यांच्यासाठी ती शाळेच्या आधीची, आईच्या मांडीला मांडी लावून बसण्याची चव होती. मग ती आमच्याकडे आली, उन्हाळ्याची सुट्टी बनून. आणि पुण्यात मी तिला ‘कम्फर्ट फूड’ म्हणायला लागले. आजी मात्र पन्नास वर्षं तीच ताटली वाढतेय आणि स्वतः बशीतून चहा पितेय.

मी विचारलं, ‘आजी, हे लिहू का?’

ती बराच वेळ भांडी आवरत राहिली. ‘लिव. पन पान्याचं आधी तुह्या बापाले सांग. पेपरात वाचून नगं कळू देऊ.’

बाबा बुलडाण्यात शिक्षक आहेत. घरी रोज रविवारी ते स्वतः हा नाश्ता करतात, आईला ते आवडत नाही म्हणून वेगळ्या पातेल्यात. ठेचा इतका तिखट लागतो त्यांना की बाजूला तांब्या भरून ठेवतात. लहानपणापासून बघतेय मी तो तांब्या.

फोन करायला मला दोन आठवडे लागले. सांगितलं. पलीकडे काही आवाज नाही, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, ‘मला एवढंच आठवतं की ती माझं पाणी संपायच्या आत परत भरायची.’

थोडं थांबून विचारलं, ‘तिने स्वतः काय खाल्लं असेल गं कामावर जाताना?’

मी म्हटलं, विचारलं नाही. मी रिपोर्टर आहे, आणि मी हे विचारलं नाही.

‘मी विचारतो,’ ते म्हणाले. पुढच्या रविवारी ते सकाळच्या पहिल्या एसटीने रोहिणखेडला गेले. नाश्ता न करता.