परतीची उंची

मी कॉन्व्हेंटचा. 'एकोणसत्तर' म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन, हे मला अजूनही बोटं मोजून ठरवावं लागतं. तेव्हा मंडळी, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

आमच्या विंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे, सबमिशनच्या रात्रीसुद्धा माझ्या लॅपटॉपवर फ्लाइट प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर चालू असतं. बिबवेवाडीतून कोल्हापूरला घरी जायचं तर स्वारगेटहून एसटी, पाच-सहा तास. सॉफ्टवेअरमध्ये लोहगाव ते उजळाईवाडी सरळ रेष, सव्वादोनशे किलोमीटरच्या आत. छोटं सेसना ११० नॉटने नेलं की तासाभरात घर! मेसच्या जेवणाला कंटाळलेल्या माणसाला आणखी काय हवं?

आधी दोन आकडे भरायचे : क्रूझची उंची आणि वेग. डोळ्यांनी बाहेर बघत उडायचं, तर उंचीचा नियम सोपा आहे. ० ते १७९ अंशांच्या दिशेला जाताना ३,५००, ५,५०० फूट. १८० ते ३५९ ला जाताना ४,५००, ६,५००. म्हणजे समोरासमोरची विमानं एका उंचीवर येत नाहीत. कोल्हापूरची दिशा साधारण १७० अंश, म्हणून जाताना ५,५००. परतीची ३५०, म्हणून ४,५००. वेगात मात्र गोम आहे. वर हवा विरळ असल्यामुळे मीटर कमी दाखवतं, दर हजार फुटांना साधारण दोन टक्के. प्लॅनमध्ये खरा वेग भरायचा, मीटरवरचा नाही.

मी आकडे भरले. सॉफ्टवेअरने मुकाट्याने वेळ, इंधन सगळं काढून दिलं.

दिवाळीत बाबांना दाखवलं. ते एसटीचे ड्रायव्हर. चष्मा लावून त्यांनी रेषेवर बोट फिरवलं आणि सासवडच्या खाली थांबवलं.

"हितं पुरंदर येतोय न्हवं?"

"हो बाबा."

"किती उंच हाय?"

शोधलं. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांच्या आसपास. आणि माझी परतीची उंचीही तेवढीच! मी थेट किल्ल्यावरच विमान घातलं होतं.

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "मशीन सांगंल तसं जायचं नसतं. रस्ता आपण बघायचा." मग हळूच विचारलं, "पायलट व्हायचंय काय रं तुला?"

ट्रेनिंगची फी मला पाठ होती. आमचं घर विकलं तरी पुरणार नाही. म्हणालो, "छे, टाइमपास आहे."

म्हणजे बाबांना मी मीटरवरचा आकडा सांगितला, खरा नाही.

रात्री परतीची उंची ६,५०० केली. आता मे महिन्यात घरी गेलो की खरं उत्तर देणार आहे. फीचं काय करायचं ते दोघं मिळून बघू. निदान वाटेत काय उभं आहे ते दोघांनाही दिसेल.

फक्त त्याआधी हा अंक कुणी कोल्हापूरला नेऊ नका म्हणजे झालं!